चिठ्ठीत काय नाही ते बघ

अगं, आधी तो लॅपटॉप जरा बाजूला सरकव आणि चहा टाक. ४६ टूल्स, १५ दिवस, आणि वरून आलेली एकच ओळ: 'एआय एजंट वापरतो त्या टूल्सच्या डॉक्युमेंटेशनचा दर्जा तपासून कळवणे.' घाम फुटणारच. मला पहिल्यांदा हे काम आलं तेव्हा मी काय केलं सांगू? एक्सेल उघडलं, स्पष्टता, पूर्णता, भाषा असे रकाने आखले आणि निबंधाच्या वह्या तपासाव्यात तशी प्रत्येक टूलला दहापैकी गुण देत बसले. चार दिवस गेले. बहुतेकांना सात-आठ मिळाले, दोघा-तिघांना नऊ. साहेब खूश, मीही खूश. पुढच्याच आठवड्यात आमच्या एजंटने एका सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवलं, की अमुक मेंबरची थकबाकी ४,५०,००० रुपये आहे. खरी होती साडेचार हजार. टूल रक्कम पैशांत देत होतं आणि वर्णनात 'थकबाकीची रक्कम' एवढंच होतं. त्या वर्णनाला मी स्पष्टतेचे नऊ गुण दिले होते बरं का.

खरं सांगू का, ते वाक्य वाचायला खरोखरच छान होतं. छोटं, सुटसुटीत, व्याकरण शुद्ध. त्यात एक शब्द कमी होता, आणि जो शब्द नसतो तो वाचताना दिसत नाही गं. रेझरपे किंवा स्ट्राइपच्या एपीआयमध्येही रक्कम सगळ्यात लहान एककातच जाते, पाचशे रुपये पाठवायचे तर ५०००० लिहावे लागतात. पण ते तसं तिथल्या तिथे सांगून टाकतात. पैशांत हिशोब ठेवणं ही चूक नाहीच. न सांगणं ही चूक.

तुला माझ्या भाजणीची गोष्ट सांगितली होती का? नसेल तर ऐक, तुझं अर्धं काम त्यात आहे. धाकटा लहान होता, मी नुकतीच ऑफिसला परत जायला लागले होते आणि स्वयंपाकाला एक मावशी लावल्या होत्या. सकाळी घाईघाईत फ्रिजवर चिठ्ठी लावली: 'भाजणीची थालीपीठं करा.' फडताळात डबे दोन, दोन्हीवर माझ्याच अक्षरात 'भाजणी'. एक थालीपिठाची आणि एक आईने दिवाळीसाठी दळून पाठवलेली चकलीची. मावशींनी पुढचा डबा उचलला. संध्याकाळी घरी आले तर थालीपीठं अशी कडक, की नवरा म्हणाला, याचे तुकडे करून डब्यात भरू, चकली म्हणूनच खपतील. मावशींना विचारलं, फोन का नाही केलात? त्या म्हणाल्या, 'तुम्ही मीटिंगमध्ये असाल म्हटलं. आणि डब्यावर भाजणीच लिहिलं होतं की.'

आता त्या मावशी पुढच्या वेळी विचारायला शिकल्या. एजंटचं तसं नाही. एजंट म्हणजे रोज सकाळी येणारी नवी मावशी. कालची थालीपीठं तिला आठवत नाहीत, शेजारणीला विचारायची सोय नाही, आणि तिच्यापुढे असते फक्त तुझी चिठ्ठी. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला, ज्याला तुम्ही सगळे एमसीपी म्हणता, त्यात टूलची ओळख मुख्यतः काय असते बघ: एक नाव, एक वर्णन आणि कोणती माहिती कशा आकारात द्यायची याचा आराखडा. आपल्या डेव्हलपरला वर्णन अपुरं वाटलं तर तो कोड उघडतो, जुने मेल चाळतो, नाहीतर शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो. एजंटला वर्णनात भोक दिसलं तर तो ते आपल्या मनाने बुजवतो, आणि इतक्या आत्मविश्वासाने बुजवतो, की भोक होतं हे कुणाला कळतही नाही.

म्हणून माझं ऐक, आणि हे मी ताईच्या हक्काने सांगतेय: ती ४६ वर्णनं वाचायला बसू नकोस. निदान पहिले तीन दिवस तरी नाही. तू हुशार आहेस, तुला या धंद्यात चार वर्षं झाली, तू वाचलंस की रिकाम्या जागा तुझं डोकं आपोआप भरणार आणि तुला सगळं बरं वाटणार. तुझी माहितीच इथे आड येते.

त्याऐवजी सपोर्टवाल्या मुलींकडे जा. त्यांच्याकडे सोसायट्यांचे जे फोन येतात त्यांची नोंद असेल, त्यातून पंचवीस-तीस खरी कामं उचल. खरी म्हणजे लोक बोलतात तशी. 'मेंबर शोधा' असं काम कुणी सांगत नाही. लोक म्हणतात, 'अहो, बी विंगमधल्या कुलकर्णींनी पहिल्या तिमाहीचा मेंटेनन्स भरलाय का बघा, नसेल तर आठवण पाठवा.'

हे एवढंसं वाक्य घे आणि त्यावर जरा बस. कुलकर्णी कोण? आपल्या पुण्यातल्या सोसायटीच्या एका विंगमध्ये तीन कुलकर्णी नसतील तर ती सोसायटी कसली. टूलला तीन नावं सापडली तर ते तिन्ही परत देतं की पहिलंच? वर्णनात आहे का ते? मग पहिली तिमाही. सोसायटीचे हिशोब एप्रिल ते मार्च चालतात, म्हणजे पहिली तिमाही एप्रिल ते जून. पण एजंटला कुणी सांगितलं नाही तर तो जानेवारी ते मार्च धरून मोकळा होईल, कारण त्याने वाचलेल्या जगातल्या बहुतेक कागदांत वर्ष जानेवारीतच सुरू होतं. मेंटेनन्स म्हणजे सिंकिंग फंड धरून की सोडून? आठवण जाणार ती एसएमएसने की मेलने? आणि सगळ्यात मोठं, टूल वापरलं की आठवण लगेच जाते, की मसुदा तयार होऊन सेक्रेटरींच्या होकारासाठी थांबते? एका वाक्यात पाच भोकं. तुझ्या टूल्सच्या वर्णनांत यांतल्या किती प्रश्नांची उत्तरं आहेत, ते एजंट तुला स्वतःच्या वागण्यातून दाखवेल.

प्रत्येक कामाचं बरोबर उत्तर आधीच कागदावर लिहून ठेव, काम चालवल्यानंतर नाही. मी नंतर लिहायचे आणि एजंटचं उत्तर गोड भाषेत असलं की मला तेच पटायचं. वरणाला फोडणी चांगली बसली की मीठ कमी असल्याचं पहिल्या घासाला कळत नाही, तसं. आणि तपासताना तो काय म्हणाला यापेक्षा डेटाबेसमध्ये शेवटी काय उरलं ते बघ. पावती रद्द झाली का, कुणाची झाली, आठवण किती जणांना गेली. सिएरा नावाच्या कंपनीने २०२४ मध्ये टाऊ-बेंच म्हणून एक चाचणी काढली, तिच्यातही हेच करतात: बोलणं संपल्यावर डेटाबेस हवा त्या स्थितीत आहे की नाही, ते तपासायचं.

त्याच चाचणीतली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा. इथे ते चालत नाही बघ, कारण इथे एक शीत मऊ असतं आणि त्याच्या शेजारचं कच्चं. तेच काम, तीच टूल्स, तेच मॉडेल, तरी सोमवारी बरोबर आणि मंगळवारी चूक. म्हणून त्यांनी एकच काम पुन्हा पुन्हा करायला दिलं आणि प्रत्येक वेळी बरोबर आलं तरच जमेला धरलं. त्या वेळी नावाजलेलं जीपीटी-४ओ दुकानाच्या गिऱ्हाईक-सेवेच्या कामांत आठच्या आठ वेळा बरोबर येण्याच्या कसोटीवर २५ टक्क्यांच्याही खाली राहिलं. तेव्हा तुझं प्रत्येक काम एकदा चालवून 'झालं' म्हणू नकोस. निदान पाचदा चालव. पाचांपैकी तीनदा बरोबर आलं तर समज, की तिथे एजंट अंदाजपंचे खेळतोय, आणि अंदाज जिथे करावा लागतो तिथलं वर्णन उघडून बघ.

आता लॉग, म्हणजे एजंटने कुठलं टूल कसं वापरलं याची नोंद. ते वाचायचं काम कंटाळवाणं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. पण खरा दागिना इथेच सापडतो, आणि तू हे कुणा ज्युनियरवर ढकलू नकोस, स्वतः बस. निगुतीने डाळ निवडतेस ना, तसं. अँथ्रॉपिकच्या लोकांनी २०२५ मध्ये लिहिलंय, की त्यांनी आपल्या क्लॉड या मॉडेलला वेबवर शोधायचं टूल दिलं तेव्हा ते शोधाच्या शब्दांना विनाकारण '२०२५' जोडत होतं आणि त्यामुळे निकाल भलतेच येत होते. त्यांनी टूलचं वर्णन सुधारलं आणि ते थांबलं. आता मला सांग, नुसतं वर्णन वाचून कुणाला हे सुचलं असतं? कुणालाच नाही. लॉगमध्ये मात्र ते ढळढळीत दिसतं.

त्याच्या आदल्या वर्षाची त्यांचीच आणखी एक हकीकत आहे, ती मी नव्या मुलींना नेहमी सांगते. कोड दुरुस्त करणारा त्यांचा एजंट मूळ फोल्डर सोडून दुसरीकडे गेला, की फाइलचा अर्धा पत्ता चुकीचा देऊन घोळ घालायचा. 'पत्ता नीट द्या' असं वर्णनात चार वेळा लिहिता आलं असतं. त्यांनी तसं न करता टूलच बदललं: पत्ता द्यायचा तर मुळापासून पूर्णच द्यायचा. मग एजंट ते टूल बिनचूक वापरायला लागला. तुझ्या अहवालात अशा जागा वेगळ्या काढ. काही ठिकाणी वर्णन कितीही घासलं तरी उपयोग नसतो, टूलची घडणच वेडीवाकडी असते. 'सावकाश उचला, कान तुटलाय' अशी चिठ्ठी कपाला चिकटवून आपण किती दिवस काढणार? कप बदल की.

लॉग वाचताना पहिल्यांदा हे बघ, की एजंटने टूल कुठलं उचललं. मला खात्री आहे, तुझ्या ४६ मध्ये 'गेट मेंबर', 'सर्च मेंबर', 'फाइंड मेंबर' आणि 'मेंबर डिटेल्स' अशी चार तरी भावंडं निघतील. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या मुलांनी लिहिलेली आणि सगळ्यांचं वर्णन 'मेंबरची माहिती देते'. म्हणजे पुन्हा दोन डबे आणि दोन्हीवर भाजणी. यावर उपाय म्हणजे वर्णनात 'हे कशासाठी' याच्या जोडीला 'हे कशासाठी नाही' तेही हवं. 'फ्लॅट नंबर माहीत असेल तर हे वापरा. नुसतं नाव माहीत असेल तर सर्च मेंबर वापरा.' पॅरामीटरच्या नावांचंही तेच. 'मेंबर' नुसतं लिहिलं तर त्यात नाव घालायचं, की फ्लॅट, की आयडी? 'मेंबर आयडी' म्हटलं की निम्मी भांडणं मिटतात. फ्लॅट नंबरचा नमुनाही द्यायला सांग, बी-२०३ की २०३ बी की मध्ये काहीच नाही. तारखेचा तर नक्कीच. ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल, यावर मी एकदा एका पूर्ण सोसायटीला महिनाभर आधी दंड लावून बसले आहे. त्या वेळी एजंट नव्हता हं, मीच होते.

मग एरर मेसेज. हे डॉक्युमेंटेशन आहे असं कुणी धरतच नाही, पण एजंट चुकल्यावर त्याच्या हातात तेवढंच येतं. 'एरर ४००, अवैध विनंती' असं आलं तर तो बिचारा तीच विनंती शब्द उलटसुलट करून पाच वेळा पाठवतो. 'तारीख २०२५-०४-०१ अशा स्वरूपात द्या' असं आलं तर दुसऱ्या खेपेला जमतं. प्रिन्स्टनच्या मंडळींनी २०२४ मध्ये एसडब्ल्यूई-एजंट केला, त्यात या बाबतीत फार शहाणपण आहे. फाइलमध्ये बदल करताना वाक्यरचनेची चूक झाली तर टूल तो बदल घेतच नाही आणि काय चुकलं ते दाखवतं. शोधात पन्नासच्या वर निकाल आले तर ढीग अंगावर ओतत नाही, शोध अजून नेमका करा म्हणतं. आणि मला सगळ्यात आवडलेलं: एखादी आज्ञा नीट पार पडली पण छापण्यासारखं काही नसेल तर ते गप्प बसत नाही, आज्ञा यशस्वी झाली आणि काहीही आउटपुट आलेलं नाही, असं स्पष्ट सांगतं. तुझ्या 'थकबाकी दाखव' टूलला विचार: थकबाकी नसेल तेव्हा तू काय देतंस? रिकामी यादी? मग एजंटला कसं कळायचं, की पैसे भरलेत, की मेंबरच सापडला नाही?

पैशांचा तो घोळ झाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले, तेही सांगून टाकते. प्रत्येक वर्णनात सगळं कोंबलं. इतिहास, अपवाद, अपवादांचे अपवाद, एका टूलचं वर्णन तर वाण्याच्या दिवाळीच्या यादीएवढं झालं. एजंट सुधारायच्या ऐवजी अजून भरकटला. कारण बघ, ही वर्णनं प्रत्येक वेळी मॉडेलपुढे मांडलेली असतात, त्यांना टोकन लागतात, आणि ४६ टूल्सची पानंच्या पानं असली तर कामाचं वाक्य त्यात गाडलं जातं. काही टूल्सची वर्णनं मराठीत लिहा असा आग्रह तुमच्याकडे असेल तर हेही ध्यानात ठेव, की बहुतेक मॉडेलांत तेवढाच मजकूर देवनागरीत इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो. लिहू नका असं मी म्हणत नाही. वापरणारे मराठीत बोलतात तिथे 'पावती', 'ना-हरकत', 'थकबाकी' हे शब्द वर्णनात असलेलेच बरे. पण मोजून.

मग किती लिहायचं, हे कळणार कसं? काढून बघायचं. आमटीत एखादा मसाला खरंच लागतोय का हे बघायला आपण एकदा तो न घालता करतो, तसं. एक वाक्य काढ, तीच कामं पुन्हा पाचपाचदा चालव. काही फरक पडला नाही तर ते वाक्य तिथे शोभेलाच होतं. एका वेळी एकच गोष्ट बदल हं, नाहीतर मीठही बदललं आणि तिखटही, मग चव कशाने आली ते तुलाच कळणार नाही. आणि त्या पंचवीस-तीस कामांपैकी आठ-दहा आधीच झाकून ठेव. त्यांच्याकडे बघून वर्णनं दुरुस्त करायची नाहीत, शेवटच्या दिवशीच उघडायची. मी एकदा झाकून ठेवली नव्हती. माझ्या सरावाच्या कामांत एजंट शंभर नंबरी आणि प्रत्यक्षात आल्यावर तोंडावर पडला, कारण मी नकळत त्या कामांचीच उत्तरं वर्णनांत लिहून बसले होते.

जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन हा तर वेगळाच छळ आहे. वर्णन म्हणतं कमाल १०० नोंदी मिळतात, कोडमध्ये कुणीतरी कधीच ५० केलेलं असतं. यावर माझ्याकडे एकच घरगुती उपाय आहे: डॉक्युमेंटेशनमधलं प्रत्येक उदाहरण खरंच चालवून बघायचं, आणि शक्य असेल तर ते प्रत्येक रिलीजच्या चाचण्यांतच घालून टाकायचं. उदाहरण मोडलं की रिलीज अडलं. दोनदा रिलीज अडलं की मुलं आपसूक वर्णन बदलायला शिकतात. आणि उणिवा लिहायला लाजू नका म्हणावं. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं. त्यातसुद्धा आज्ञांच्या पानांवर 'बग्ज' असा सरळ मथळा होता आणि काय चालत नाही ते तिथे लिहून ठेवलेलं असायचं. पन्नास वर्षं झाली त्याला. आपल्याकडे अजून 'साहेब वाचतील' म्हणून ती ओळ खोडतात.

मला माहितीये, मध्येच कुणीतरी तुला विचारणार, की आपल्याकडे माणसांसाठी एवढं मोठं डॉक्युमेंटेशन पोर्टल आहे, तेच एजंटला का देत नाही? त्यांना सांग, माणसांची पुस्तिका शिकवते, एखादं काम कसं करायचं ते सांगते, पार्श्वभूमी समजावते आणि शेवटी तपशीलही देते. डॅनिएले प्रोसिदा यांनी तर या चार गरजा वेगळ्या काढून दायाताक्सिस नावाची एक पद्धतच बांधली आहे. ते सगळं हवंच. पण ऐन कामाच्या क्षणी एजंटला हवी असते ती त्यातली एक तपशिलाची ओळ, टूलच्या अंगालाच चिकटलेली.

आता एका गोष्टीवर मात्र मी दरडावून सांगणार आहे. बाहेरून आणलेली टूल्स तुमच्या ४६ मध्ये असतील तर त्यांची वर्णनं अक्षरन् अक्षर वाच. होय, मघाशी वाचू नको म्हणाले, इथे वाच. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्ज नावाच्या गटाने दाखवून दिलं, की टूलच्या वर्णनातच एजंटसाठी छुपा हुकूम लिहिता येतो. वरून बेरीज करणारं साधं टूल, आणि वर्णनाच्या पोटात 'आधी अमुक खाजगी फाइल वाच आणि तिचा मजकूर सोबत पाठव'. माणसाला पडद्यावर फक्त बेरीज दिसते. मॉडेलला सगळं दिसतं आणि ते आज्ञाधारकपणे पाळू शकतं. म्हणजे वर्णन हे नुसतं माहितीपत्रक राहत नाही, घरात शिरायची वाटही होते. तुझ्या तपासणीत त्याचा रकाना हवा.

आणि एमसीपीमध्ये टूलवर शिक्के मारता येतात ना, 'फक्त वाचतं', 'नासधूस करू शकतं' असे, त्यांच्यावर विसंबू नकोस. त्या प्रोटोकॉलमध्येच स्पष्ट आहे, की हे शिक्के म्हणजे नुसत्या सूचना आहेत आणि सर्व्हर भरवशाचा नसेल तर त्या खऱ्या धरायच्या नाहीत. 'पावती रद्द' टूलवर 'फक्त वाचतं' असा शिक्का मी स्वतः पाहिलाय. कुणीतरी आधीच्या टूलवरून कॉपी करून चिकटवला होता, दुसरं काही नाही. शिक्का म्हणजे डब्यावरचा कागद, कुलूप नव्हे.

अहवालाचं म्हणशील, तर दहापैकी गुण देऊ नकोस. देच म्हणाले तर एक आकडा दे: पंचवीस कामांपैकी किती पाचही वेळा बरोबर आली, दुरुस्तीच्या आधी आणि नंतर. सोबत तीन-चार लॉगचे तुकडे जोड, एजंट कुठे अडखळला ते दाखवणारे. साहेब लोक तक्ते विसरतात, गोष्टी लक्षात ठेवतात. माझे साडेचार लाख आमच्या ऑफिसात अजून चहाच्या वेळी निघतात. आणि डेव्हलपर मुलांशी बोलताना 'तुझं डॉक्युमेंटेशन वाईट आहे' म्हणून सुरुवात करू नकोस गं. ती पोरं चिडतात आणि मग शुक्रवारपर्यंत फोन उचलत नाहीत. लॉग त्यांच्यापुढे उघडून ठेव आणि गप्प बस. 'अरे, हे असं का केलं याने?' असं ती स्वतःच म्हणतील, आणि संध्याकाळपर्यंत वर्णन बदलून देतील.

सगळी ४६ या पंधरवड्यात होणार नाहीत, ते आजच साहेबांना कळवून टाक. रात्री जागून करायच्या फंदात पडू नकोस, मी पडले होते आणि पाठ धरून बसले. सपोर्टच्या नोंदीत सगळ्यात जास्त लागणारी दहा-बारा टूल्स घे, आणि त्यांच्याही आधी पैसे हलवणारी, काही पुसणारी आणि लोकांना मेसेज पाठवणारी. नुसतं दाखवणारं टूल चुकलं तर ओशाळं होऊन माफी मागता येते, पाठवणारं चुकलं तर दीडशे घरांत मेसेज वाजलेला असतो.

तेव्हा उद्या सकाळी 'पावती रद्द' पासून सुरू कर. पहिले पाच लॉग झाले की मला पाठव, रात्री पोरांची जेवणं आटोपली की बघते. आणि शनिवारी इकडेच ये जेवायला. थालीपीठं करणार आहे. आता डब्यांवर लेबलं नीट आहेत.